चोरटी हवा

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज घट मीच बसवले. मीनाक्षीला अडचण होती. दुपारपाळी असल्यामुळे सकाळी घाई नव्हती. देवघरापासून चार हात लांब, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ती सूचना देत होती. "माती दाबू नका ओ एवढी, रुजूचा नाय." "पाणी हाताने शिंपडा, तांब्या काय ओतताय?" मी म्हटलं, शेतकऱ्याचा मुलगा आहे मी. ती म्हणाली, "होतात. आता वीजवाले आहात."

गणपतीला गावी गेलो तेव्हाही गौरीपुढे सुपं ओवाळायच्या ओवशाला तिला बसता आलं नव्हतं. सुपं तशीच राहिली. आईने थोडी कुरकुर केली. यंदा सणांचा आणि तिच्या तारखांचा मेळच बसत नाही. मला मात्र त्या निमित्ताने पूजेला निवांत वेळ मिळतो, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडतो.

कामावर गेल्यावर देविका मॅडमनी बोलावून घेतलं. आमच्या वीजकेंद्रात कोळसा, पाणी आणि वीज यांची बचत बघणारा जो विभाग आहे, त्याच्या त्या प्रमुख. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान, पण बोलणं अदबीचं. म्हणाल्या, "परबकाका, डिसेंबरात जुन्या संचाची चाचणी आहे. बाहेरचे लोक येऊन मोजणार. एक युनिट वीज करायला हा संच किती कोळसा खातो, किती पाणी पितो, आणि स्वतःचे पंखे-पंप चालवायला स्वतःचीच किती वीज वापरतो. जास्त निघालं तर संच बंद करतील. बॉयलरच्या हवेचं काम तुम्ही हातात घ्या."

या संचासमोर माझी सगळी नोकरी गेली आहे. मी हो म्हटलं. म्हणूनच आजपासून हे लिहायचं ठरवलं आहे. देवीआईच्या आशीर्वादाने घटही आजच बसले आहेत.

९ ऑक्टोबर, बुधवार

पाणी उकळून वाफ करायची आणि वाफेने चक्र फिरवायचं, एवढंच आमचं काम. पण शंभर पोती कोळसा जाळला तर पस्तीस-छत्तीस पोत्यांचीच वीज होते. उरलेल्यांची ऊब खाडीच्या पाण्यात आणि चिमणीतून आकाशात जाते. पूर्वी मी हे नुसतं ऐकून सोडून द्यायचो. हल्ली बसमधून लालबागला उतरलो की मसाल्याच्या दुकानांतले झगमगते दिवे बघताना वाटतं, या एका दिव्यामागे दोन दिवे समुद्रात विझले आहेत.

हवेचं काम असं आहे. आगीला हवा कमी पडली तर कोळसा अर्धवट जळतो आणि काळाच राहून राखेबरोबर जातो. जास्त झाली तर ती फुकटची हवा तापवून आपण चिमणीतून सोडून देतो. मधलं माप साधायचं असतं. धूर जातो त्या नळात प्राणवायूचा मीटर आहे. आगीचं भागून किती उरला ते तो सांगतो. साडेतीन टक्के दाखवावा. आमच्याकडे पाच दाखवतो. म्हणजे हवा जास्त होते आहे. ती मी रोज थोडी थोडी खाली आणणार.

संध्याकाळी दिवा लावताना मी समईची वातही बारीक ठेवली. तेल बरंच वाचतं, आणि देवाला तेवढाच उजेड पुरतो. अजून मीच लावतो आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. घटातले अंकुर छान वीतभर आले होते. अंधारात वाढल्यामुळे पिवळेफटक, जवळजवळ पांढरे. मीनाक्षीने ते केसांत माळले.

बाजारातून परत येताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली. आमची खोली तिसऱ्यावर. मी विचारलं तर म्हणाली, "काय नाय, दम लागलाय. वय झालं आता." तिला अजून पंचेचाळीसही पुरी नाहीत. मला काळजी वाटली, म्हणून कोविडच्या वेळचा बोटाला लावायचा मीटर शोधून काढला. नवे सेल घातले. अठ्ठ्याण्णव. माझा सत्त्याण्णव निघाला.

मी म्हटलं, बघ, माझ्यापेक्षा एक जास्तच. तीही हसली. बरं वाटलं.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

आमची लेक पूर्वी नाशिकहून आली आहे. तिथे बँकेत लागल्यापासून तिची ही पहिलीच दिवाळी. पाडव्याची ओवाळणी मात्र राहिली. मीनाक्षी म्हणाली, "मला अडचण आहे. पुढल्या वर्षी दोन वेळा ओवाळीन." मग पूर्वीनेच मला ओवाळलं आणि ताटात काय टाकता म्हणून हटून बसली. हसणं-खिदळणं झालं.

दुपारी मी पडलो होतो तेव्हा आतून मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं. पूर्वीचा आवाज चढला होता. "आई, हे नॉर्मल नाहीये. तू बाबांना सांगत का नाहीस?" मीनाक्षी म्हणाली, "गप गो. त्यांची ती चाचणी होऊंदे. ह्या गोष्टी पुरुषांना सांगायच्या असतात काय?" मी उठून आत गेलो तशा दोघी गप्प झाल्या. पूर्वीचं बहुतेक कुठेतरी जमत असावं. जमूदे. मुलगा चांगला असला म्हणजे झालं. मी विचारलं नाही. आईला सांगितलं आहे म्हणजे ते माझ्यापर्यंत येईलच.

निघताना पूर्वी म्हणाली, "बाबा, आईला डॉक्टरकडे न्या. रक्त तपासा." मी तिला मीटरचं सांगितलं. ती म्हणाली, "त्या मीटरचं काय घेऊन बसलात?" मी म्हटलं, अगं, अठ्ठावीस वर्षं मीटर बघूनच नोकरी केली. माणूस चुकतो, तो चुकत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मीटर साडेतीनवर आला! महिनाभर हवा इंच इंच कमी करत आणली. पंख्यांचा भारही उतरला, म्हणजे संचाची स्वतःची वीजही वाचली. मॅडमच्या वरचे साहेब येऊन पाठ थोपटून गेले.

एकच गोष्ट खटकते. कोळसा कमी लागायला हवा होता, तो थोडा जास्तच लागतो आहे. विनीत माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो. तो म्हणाला, "कोळसा कुठला भाऊ, माती पाठवतात. उद्या त्यात बटाटे लावा." आम्ही हसलो. पण तेच खरं असावं. यंदा कोळसा ओलाही येतो आहे.

घरी आलो तर अंधार. मीनाक्षी पलंगावर पडली होती, दिवा लावायचा राहिला होता. म्हणाली, "तुमचीच वाट बघत होते. मला अजून..." मी म्हटलं, असूदे, मी लावतो. आंघोळ करून लावला. मन प्रसन्न झालं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मीनाक्षीला नवीनच सवय लागली आहे. तांदूळ निवडताना मूठभर कच्चे तोंडात टाकते आणि चघळत बसते. मी म्हटलं, भात लावायचं जिवावर येतं की काय? ती म्हणाली, "वास आवडतो ओ. पावसातल्या मातीसारखा वाटतो." लहानपणी आमच्या शाळेतल्या काही मुली पाटीवरची पेन्सिल खायच्या, त्याची आठवण झाली.

जेवण तिचं कमीच झालं आहे. आज सहज मनात आलं, या घरात सगळ्यात कमी खाऊन सगळ्यात जास्त काम करणारं माणूस तीच. आमच्या संचाने तिच्याकडून शिकावं. तिला हे म्हणून दाखवलं तर म्हणाली, "मग मला बक्षीस द्या तुमच्या साहेबांकडून."

पूर्वीचा पुन्हा फोन आला. डॉक्टर, डॉक्टर. मीनाक्षीने खूण केली म्हणून मी सांगितलं की चाचणीनंतर जाऊ.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. लग्न झाल्यापासून मीनाक्षीने हा चुकवला नव्हता. आज सकाळी म्हणाली, "कलश तुम्हीच मांडा. मला चालणार नाय." आवाज इतका बारीक की मी दोनदा विचारलं. कलश मांडला, पाच पानं लावली, कहाणी मीच वाचली. ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. कहाणी संपली तरी डोळे मिटलेलेच. मला वाटलं, भक्तीत तल्लीन झाली आहे. मी हलकेच उठलो.

कामावर देविका मॅडम राखेचा नमुना घेऊन आल्या. कागदावर पसरून म्हणाल्या, "काका, रंग बघा."

राख काळपट होती. मी म्हटलं, कोळसाच वाईट येतो आहे.

"तोच कोळसा शेजारच्या संचाला जातो. त्याची राख पांढुरकी आहे."

"मॅडम, मीटर साडेतीन दाखवतो. आगीला हवा पुरून उरते आहे."

"मीटर काय दाखवतो ते मला दिसतंय. आग काय म्हणते ते बघू या ना. तुम्ही खिडकीतून बघितली का इतक्यात?"

भट्टीला एक बारीक खिडकी असते. निळी काच धरून आत बघायचं. एके काळी पाळी सुरू होताना आम्ही जाऊन बघायचो. सगळं पडद्यावर आल्यापासून कुणी जात नाही. मी गेलो. आग लालसर होती, ढिम्म, तिच्या कडेला धूर घोटाळत होता. निरोगी आग पिवळीधमक असते. तरी मी मॅडमना म्हटलं की काच काजळली असेल.

हे बरं केलं नाही, असं आता लिहिताना वाटतं आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

सकाळी देविका मॅडम कंट्रोल रूममध्ये आल्या आणि आमच्या गणपतीसमोरच्या अगरबत्त्यांचा पुडा मागितला. विनीत म्हणाला, "मॅडम, आता पूजेनेच कोळसा वाचवायचा काय?" त्या म्हणाल्या, "बघू या, पावतो का."

मला घेऊन त्या धुराच्या नळापाशी वर चढल्या. आगीची भट्टी आणि प्राणवायूचा मीटर यांच्या मधला हा भाग. नळाचे दोन तुकडे तिथे जाड कापडी पट्ट्याने जोडलेले असतात, म्हणजे तापून लांबले तरी तुटत नाहीत. मॅडमनी चार अगरबत्त्या पेटवल्या आणि त्या जोडाच्या कडेने फिरवू लागल्या. धूर सरळ वर जात होता. खालच्या कोपऱ्याशी आल्या आणि धूर एकदम वळला, वळून दोऱ्यासारखा त्या फटीत ओढला गेला. त्यांनी हात मागे घेतला, धूर सरळ. पुढे नेला, पुन्हा आत.

नळातली हवा पंखे खेचत असतात, त्यामुळे फट असेल तर बाहेरची हवा आत शिरणारच.

मॅडम म्हणाल्या, "ही चोरटी हवा. आगीच्या पुढे शिरते, आगीच्या काही उपयोगाची नाही. पण पुढे जाऊन मीटरला भेटते."

"म्हणजे मीटर खोटा?"

"खोटा कशाला? त्याच्यापाशी जे पोचतं ते तो बरोबर सांगतो. आगीला काय मिळतंय ते त्याला कुठून कळणार?"

"आणि मी आगीचीच हवा काढून घेत होतो."

"मीपण उशिरा आले बघायला," त्या म्हणाल्या. "जोड बांधून घेऊ. शुक्रवारी चाचणी आहे, अजून वेळ आहे."

बसमधून भारतमाताच्या स्टॉपवर उतरलो, घरी आलो. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मीनाक्षी बसली होती. शेजारी भाजीची पिशवी.

"काय झालं?"

"काय नाय. बसलेय जरा. गार वाटतंय पायरीवर."

मी तिच्याजवळ बसलो. तिला उठवायला हात धरला. तळवा उलटा झाला आणि मी बघत राहिलो. घटातल्या अंकुरांचा रंग होता तो. रोज या हाताने मला पाणी मिळतं, डबा मिळतो. मी तो कधी बघितला होता?

वर आल्यावर सवयीने बोटाला मीटर लावला. अठ्ठ्याण्णव. माझ्या मनात एक धूर सरळ वर गेला आणि वळला. मीटर काढून ड्रॉवरमध्ये टाकला, तिला आजचं जोडाचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, उद्या आपण केईएम हॉस्पिटलला जायचं.

"उद्या? शुक्रवारी तुमची चाचणी ना? जोड का काय तो बांधायचाय म्हणताय."

"ते बांधतील."

"एवढं काय नाय झालंय मला."

"असूदे."

पूर्वीला फोन केला. ती रडायलाच लागली. मग म्हणाली, "मी निघते."

११ डिसेंबर, बुधवार

डॉक्टर तरुण मुलगी होती. रांग मोठी, बाहेर लोक उभे, पण तिने शांतपणे खुर्ची दाखवली आणि मीनाक्षीला विचारलं, "बोला मावशी, काय अडचण आहे?"

मीनाक्षीने मान खाली घातली. ओटीतल्या रुमालाची टोकं जुळवत बसली. डॉक्टरने पुन्हा विचारलं. "सांगा ना. काय अडचण आहे?"

माझ्या तोंडून शब्द निघाला.

"तीच अडचण आहे, डॉक्टर."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. "कधीपासून?"

मला आठवायला लागलं नाही. ओवशाची तशीच राहिलेली सुपं, मी बसवलेले घट, पाडव्याची ओवाळणी, मी मांडलेला कलश, संध्याकाळमागून संध्याकाळ मी लावलेला दिवा. मी म्हटलं, "गौरीपासून. मध्ये चार-सहा दिवस थांबतं, पुन्हा सुरू होतं. हल्ली थांबत नाही."

मीनाक्षी माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. तिला वाटत होतं मला काही माहीत नाही. मलाही तसंच वाटत होतं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पाचच्याही खाली. बारा तरी हवं म्हणे. लगेच दाखल करून घेतलं. मी मीटरचं सांगितलं, अठ्ठ्याण्णव कसे येत होते ते विचारलं. डॉक्टर म्हणाली, "बरोबरच आहे ते. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन उरलंय त्याला प्राणवायू पुरेपूर मिळतोय, एवढंच ते यंत्र सांगतं. मुळात उरलंय किती, ते त्याला नाही कळत."

मी म्हटलं, हो. काल असंच ऐकलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज चाचणी. मी गेलो नाही. हॉस्पिटलात मीनाक्षीच्या खाटेशी बसून पिशवीतून थेंब थेंब उतरणारं रक्त बघत होतो. कुणा अनोळखी माणसाचं रक्त. त्याच्यासाठी प्रार्थना केली. पूर्वी आईचे केस विंचरत होती.

गर्भाशयात गाठी आहेत. साध्या आहेत म्हणाले, रक्त भरून आलं की काढतील. मी विचारलं, आणखी थोडे दिवस गेले असते तर? डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेली.

मीनाक्षीने डोळे उघडले तेव्हा मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्हाला पूजा करायला आवडत होतं."

हे ती चेष्टेने म्हणाली की खरंच, ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी विनीतचा फोन आला. जोड बांधून, भट्टीची हवा वाढवून चाचणी दिली. राख पांढरी आली. "कोळसा उतरला भाऊ! आणि तुमच्या गणपतीला मॅडमनी नवा पुडा आणलाय." संच निदान पुढचं वर्ष चालेल म्हणतात. मी बरं म्हटलं. आनंद झाला, पण तो लांबून कुठूनतरी आल्यासारखा.

२२ डिसेंबर, रविवार

काल मीनाक्षीला घरी आणलं. ऑपरेशन जानेवारीत. गोळ्यांनी रक्तस्राव कमी झाला आहे, थांबलेला नाही. तिन्ही मजले ती हळूहळू चढली, दर मजल्यावर थांबत, आणि मी तिच्याबरोबर थांबत. शेजारच्या शांताकाकूंनी पेज करून आणली होती. तिने ती वाटीभर संपवली. नखांवर थोडी लाली दिसते आहे, की मलाच तसं वाटतं?

आज दिवेलागणीला मी हातपाय धुऊन आलो. ती नेहमीच्या जागी, उंबऱ्यात बसली होती. देवघरापासून चार हात लांब.

"लावताय ना?" तिने विचारलं.

मी काडेपेटी तिच्या पुढे धरली. "तू लाव."

"अहो, मला अजून..."

"माहीत आहे मला."

तिने काडेपेटीकडे बघितलं. मग देवांकडे. गावाहून आई इथे आलेली असती तर काय म्हणाली असती, तो विचार माझ्याही मनात येऊन गेला. नाही आला असं लिहिणार नाही. पण मी हात मागे घेतला नाही.

ती उठली. मी आधार दिला. देवासमोर बसून तिने पदर डोक्यावर घेतला, काडी ओढली. पहिली काडी विझली. दुसरीने वात पेटली.

मग तिने समईत बोट घालून वात थोडी वर ओढली. "केवढीशी ठेवलीत ओ ही," ती म्हणाली. "गुदमरली असती."